खेळाडू कोणाच्या मालकीचा?

संप हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें गिरणीचा भोंगा, बंद झालेले दरवाजे आणि रस्त्यावर घोळक्यानें उभे असलेले कामगार येतात. खेळाच्या मैदानाशीं या शब्दाचा कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गिरणींतला माणूस पोटासाठीं राबतो आणि खेळाडू आनंदासाठीं खेळतो, अशी ढोबळ वांटणी आपण मनांत करून ठेवलेली असते. म्हणून खेळाडूंनीं मालकांना संपाची नोटीस दिली असें ऐकलें म्हणजे चांगल्या सुशिक्षित घरांतहि पहिला उद्गार निघतो तो हा, कीं खेळावयाचे पैसे मिळतात, वर मानमरातब मिळतो, मग यांना आणखी हवें तरी काय?

हा प्रश्न बहुधा उपहासानें विचारला जातो. तथापि तो उत्तर देण्याजोगा आहे. इंग्लंडांतील धंदेवाईक फुटबॉलपटूंना त्याचें उत्तर मालकांच्या गळीं उतरविण्यास सुमारें सत्तर वर्षें लागलीं. त्या भांडणाची हकीकत मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें. वरवर पाहतां तें भांडण पगाराचें होतें. पण थोडें आंत शिरून पाहिलें तर त्याच्या मुळाशीं एक अगदीं साधा प्रश्न आढळतो. नोकरीची मुदत संपल्यावर माणूस कोणाचा? स्वतःचा, कीं जुन्या धन्याचा?

प्रथम हा खेळ धंदा कसा झाला तें पाहूं. लंडनमध्यें १८६३ सालीं फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे नियम ठरले. ते ठरविणारे गृहस्थ बहुतेक सुखवस्तु घराण्यांतले, मोठमोठ्या शाळांतून शिकलेले होते. खेळण्याबद्दल पैसे घेणें त्यांना हलकेपणाचें वाटे. परंतु खेळ त्यांच्यापाशीं राहिला नाहीं. लँकेशायर आणि मिडलंड्स या भागांतील गिरण्यांच्या व कारखान्यांच्या गांवांत तो झपाट्यानें पसरला. तेथें शनिवारीं दुपारीं काम सुटे आणि हजारों माणसें मैदानाकडे वळत. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देऊं लागले. ज्याचें कौशल्य पाहण्यासाठीं हे पैसे येत तो खेळाडू स्वतः कामगाराच्या घरचा असल्यामुळें बुडालेल्या मजुरीची भरपाई मागूं लागला. कांहीं वर्षें हे पैसे चोरून दिले जात. शेवटीं १८८५ सालीं असोसिएशननें धंदेवाईक खेळाडूस मान्यता दिली आणि १८८८ मध्यें बारा क्लबांनीं मिळून फुटबॉल लीग स्थापन केली.

पुढें हे क्लब मर्यादित कंपन्या झाले. त्यांचे संचालक म्हणजे त्या त्या गांवांतले गिरणीवाले, मद्याचे कारखानदार, व्यापारी असे प्रतिष्ठित लोक. या मंडळींना केवळ लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. भागीदारांनीं किती नफा वांटून घ्यावा यावर असोसिएशननें मर्यादा घातलेली होती आणि संचालकांना पगार नसे. बहुतेकांना हवा होता तो गांवचा नांवलौकिक आणि त्या लौकिकांत आपला वांटा. पण सत्तेची गोडी नफ्याच्या गोडीपेक्षां कमी नसते. या मंडळींनीं खेळाडूंभोंवतीं दोन नियमांचें असें कुंपण उभारलें कीं त्याचा एक खांब हलविला तरी दुसरा तें उभें ठेवी.

पहिला नियम खेळाडू राखून ठेवण्याचा. तो १८९३ च्या सुमारास लीगमध्यें रूढ झाला. प्रत्येक खेळाडूची नोंदणी एका क्लबच्या नांवें होई आणि करार बहुधा एका हंगामाचा असे. हंगाम संपला कीं क्लब दोन याद्या करी. एकींत राखून ठेवावयाच्या खेळाडूंचीं नांवें, दुसरींत बदलीस काढावयाच्या खेळाडूंचीं. बदलीच्या यादींतल्या खेळाडूला दुसरा क्लब किंमत मोजून घेई, आणि ती किंमत खेळाडूला नव्हे तर जुन्या क्लबला मिळे. राखून ठेवलेल्या खेळाडूची स्थिति याहून बिकट. नवा करार त्याला पटला नाहीं तरी लीगमधील दुसऱ्या कोणत्याहि क्लबला त्याला घेतां येत नसे. करार संपलेला असल्यामुळें पगार बंद, आणि नोंदणी जुन्या क्लबपाशीं असल्यामुळें दुसरीकडे जाण्याची वाट बंद. ही अवस्था किती दिवस चालावी याला कांहीं मुदत नव्हती.

आपल्याकडच्या शेतीच्या व्यवहारांतला एक दाखला येथें आठवतो. सालगड्याचें साल गुढीपाडव्याला संपतें. त्या दिवशीं हिशेब होतो आणि पटलें तर तो राहतो, न पटलें तर दुसऱ्याच्या वाड्यावर जातो. उचल फिटली नसेल तर त्याचा पाय अडकतो हें खरें. पण तेथें निदान कर्जाचें कारण तरी असतें. इंग्लंडांतल्या या खेळाडूच्या डोक्यावर क्लबचें एका पैचेंहि कर्ज नसे, आणि तरीहि त्याचा पाडवा कधीं उगवतच नसे.

दुसरा नियम कमाल वेतनाचा. १९०१ च्या हंगामापासून असोसिएशननें असें ठरविलें कीं कोणत्याहि खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षां अधिक वेतन देतां कामा नये. त्या काळच्या कुशल कामगाराच्या मजुरीशीं ताडून पाहिलें तर ही रक्कम लहान नव्हती. परंतु ती रक्कम मिळविणारा कितीहि निष्णात असो, त्याच्यासाठीं कितीहि प्रेक्षक जमोत, त्याच्या वेतनाचें छप्पर तेवढेंच राही. शिवाय हें कमाल वेतन होतें, किमान नव्हे. पुष्कळांना त्याहून कमीच मिळे.

आतां मालकांची बाजूहि नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. त्यांचें म्हणणें असें, कीं खेळाचा धंदा इतर धंद्यांसारखा नाहीं. एका कापड-गिरणीला शेजारची गिरणी बुडाली तर फायदाच होतो. पण एका फुटबॉल-संघाला प्रतिस्पर्धी संघ उरला नाहीं तर त्याला स्वतःलाहि दुकान बंद करावें लागतें. सामन्याचा निकाल अगोदरच ठाऊक असेल तर पाहावयास कोण येणार? यास्तव संघांमध्यें कांहीं समतोल हवा. खेळाडूंना वाटेल तेथें जाऊं दिलें आणि वाटेल तें वेतन घेऊं दिलें, तर लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर अशा मोठ्या शहरांतले क्लब सगळे चांगले खेळाडू ओढून नेतील आणि लहान गांवांचे क्लब ओस पडतील. या युक्तिवादांत तथ्य आहे आणि तें मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे. मात्र एक गोष्ट मनांत ठेवावी. समतोल हवा हें ठरल्यावर त्याची किंमत कोणीं द्यावयाची हा प्रश्न उरतोच. मालकांनीं तो प्रश्न न विचारतांच सोडविला. ती किंमत त्यांनीं खेळाडूंच्या नांवें मांडली.

या व्यवस्थेविरुद्ध पहिली जोराची उठावणी मँचेस्टरमध्यें झाली. १९०७ च्या एप्रिलमध्यें मँचेस्टर युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक हा तरुण खेळाडू दुय्यम संघाच्या एका सामन्यांत चेंडूला डोकें लावल्यावर कोसळला आणि मरण पावला. त्याच्या कुटुंबास कसलीहि भरपाई मिळाली नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबर महिन्यांत त्याचे सहकारी बिली मेरेडिथ आणि चार्ली रॉबर्ट्‌स यांच्या पुढाकारानें मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलमध्यें खेळाडूंची संघटना स्थापन झाली. कमाल वेतन जावें, बदलीची जाचक पद्धति जावी, आणि कामावर जखमी होणाऱ्या मजुराला कायद्यानें जी भरपाई मिळते ती खेळाडूलाहि मिळावी, अशा तिच्या मागण्या होत्या. म्हणजे खेळ हें काम आहे, एवढें मान्य करून घेण्यापासूनच या माणसांना प्रारंभ करावा लागला.

संघटनेनें इतर मजूर-संघटनांच्या महासंघाशीं नातें जोडावयाचें ठरवितांच असोसिएशनचा धीर सुटला. १९०९ च्या उन्हाळ्यांत हुकूम निघाला, कीं खेळाडूंनीं संघटनेचा राजीनामा द्यावा, नाहीं तर त्यांना खेळूं दिलें जाणार नाहीं. पुष्कळांनीं राजीनामे दिले, आणि त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. घरीं बायकामुलें होतीं. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र अडून बसले. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें त्यांनीं असोसिएशनचा चषक जिंकला होता. आतां त्याच असोसिएशननें त्यांना धंद्याबाहेर काढलें होतें. क्लबचें मैदान बंद झालें तेव्हां ते दुसरीकडे सराव करूं लागले. तेथें त्यांनीं एक छायाचित्र काढविलें. चित्रांत पुढें एक पाटी आहे, आणि तिच्यावर संघाचें नांव लिहिलें आहे: बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब, १९०९. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं, म्हणजे ३१ ऑगस्टला, तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली. पण महासंघाशीं जोडलेलें नातें तिला पुढें सोडावें लागलें, आणि दोन्ही नियम जागच्या जागीं राहिले.

न्यायालयाची वाटहि चोखाळून पाहण्यांत आली. १९१२ मध्यें हर्बर्ट किंगाबी नांवाच्या खेळाडूनें संघटनेच्या पाठबळावर ॲस्टन व्हिला या क्लबविरुद्ध दावा लावला आणि तो हरला. खर्चानें संघटनेचें कंबरडें मोडलें, आणि त्यानंतर पन्नास वर्षें या नियमाला न्यायालयांत कोणी हात घातला नाहीं.

त्या अवधींत कमाल वेतन हळूहळू वाढलें, मधून मधून उतरलेंहि. १९२० मध्यें तें ९ पौंड झालें आणि दोनच वर्षांनीं ८ वर आलें. १९४७ मध्यें तें १२ पौंड ठरलें. यानंतरच्याच, १९४८-४९ च्या हंगामांत लीगचे सामने पाहण्यास चार कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. इतके प्रेक्षक लीगनें त्यापूर्वीं कधीं पाहिले नव्हते. महायुद्धानें गांजलेल्या लोकांना शनिवारची दुपार हाच विरंगुळा होता. मैदानें ओसंडत होतीं आणि ज्यांच्यासाठीं तीं ओसंडत होतीं त्यांचें वेतन मात्र १२ पौंडांवर आणि उन्हाळ्यांत १० पौंडांवर बांधलेलें होतें. १९५० मध्यें स्टोकचा नील फ्रँकलिन आणि मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन यांच्यासारखे नामांकित खेळाडू दक्षिण अमेरिकेंत कोलंबियाच्या बोगोटा शहरीं जाऊन पोंचले. कोलंबियाची लीग त्या वेळीं आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कक्षेबाहेर होती, म्हणून तेथें इंग्लंडचे नियम पोंचत नव्हते. प्रयोग फसला. मंडळी परत आलीं आणि त्यांना खेळण्यास बंदी झाली. माणसाला आपल्या धंद्यांत मोकळें होण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागावा, यावरूनच कुंपण किती उंच होतें याची कल्पना येते.

यानंतर रंगभूमीवर येतो तो जिमी हिल. लंडनच्या फुलहॅम क्लबचा हा दाढीवाला खेळाडू मैदानांतल्यापेक्षां व्यासपीठावर अधिक चमकला असें म्हटलें तर त्याचा अपमान होऊं नये. १९५७ मध्यें तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. क्लिफ लॉइड हे शांत, व्यवहारचतुर चिटणीस त्याच्या जोडीला होते. कमाल वेतन आतां २० पौंड होतें आणि सामान्य औद्योगिक कामगाराची सरासरी मिळकत चौदापंधरा पौंडांपर्यंत आली होती. १९०१ सालीं खेळाडू आणि कामगार यांच्या मिळकतींत जें अंतर होतें तें बहुतेक बुजून गेलें होतें. आणि खेळाडूचें आयुष्य तें किती? पस्तिशी आली कीं गुडघे जबाब देतात आणि हातीं दुसरा धंदा नसतो.

१९६० च्या अखेरीस लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टर येथें खेळाडूंच्या सभा झाल्या. मँचेस्टरच्या सभेंतली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एक तरुण खेळाडू उठून म्हणाला, कीं माझे वडील कोळशाच्या खाणींत राबतात आणि त्यांना माझ्याहून कमी मिळतें. मग मीं कोणत्या तोंडानें अधिक मागावें? सभा क्षणभर गप्प झाली. हा प्रश्न सगळ्यांच्याच मनांत असला पाहिजे, कारण बहुतेक जण अशाच घरांतून आलेले होते. तेव्हां बोल्टनचा टॉमी बँक्स उठला. त्यानें आपल्या गांवरान बोलींत उत्तर दिलें त्याचा मथितार्थ असा, कीं तुझ्या वडिलांना सांग, खाणींतलें काम कठीण आहे हें आम्हांला ठाऊक आहे, मी तें करावयास तयार आहें. त्यांनीं मात्र शनिवारीं तीस हजार लोकांच्या डोळ्यांदेखत या स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवून दाखवावें. मॅथ्यूज, त्या काळचा सर्वांत विख्यात खेळाडू, त्याच सभेंत बसलेला होता. सभेंत हशा उसळला आणि संपाच्या बाजूनें प्रचंड बहुमत झालें.

संपासाठीं शनिवार, ता. २१ जानेवारी १९६१ हा दिवस ठरला. त्याच्या तीनच दिवस आधीं, १८ जानेवारीला, मजूरमंत्री जॉन हेअर यांच्या मध्यस्थीनें समेट झाला आणि कमाल वेतनाचा नियम साठ वर्षांनीं संपला. फुलहॅमचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे धंद्यानें विनोदी नट. नियम नसता तर आपण जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले असते, असें ते चारचौघांत म्हणत असत. नियम गेला आणि त्यांना आपला शब्द खरा करावा लागला.

वर्तमानपत्रांनीं विजयाचे नगारे वाजविले. पण जरा विचार करा, विजय कोणाचा झाला? हेन्स इंग्लंडच्या संघाचा कर्णधार होता. त्याला शंभर पौंड मिळाले. ज्याचें नांव पाटीवर लागत नाहीं, त्या लहान क्लबच्या साध्या खेळाडूला काय मिळालें? त्याचा क्लब त्याला अजूनहि राखून ठेवूं शकत होता. छप्पर उडालें होतें, पण दाराची कडी तशीच होती. आणि दाराला बाहेरून कडी असली म्हणजे आंतल्या माणसाला वेतनाची घासाघीस करतां येत नाहीं. जो जाऊं शकतो त्याच्याच मागणीला वजन असतें.

ती कडी काढण्याचें काम जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या वांट्यास आलें. न्यूकॅसल युनायटेडचा हा नाजुक अंगलटीचा, पण चेंडूवर विलक्षण हुकमत असलेला गडी. क्लबनें दिलेलें घर आणि जोडीला लावून दिलेली नोकरी त्याला पसंत नव्हती, आणि त्यानें बदली मागितली. क्लबनें ती नाकारली. ३० जून १९६० रोजीं त्याचा करार संपला. क्लबनें त्याचें नांव राखीव यादींत घातलें. त्यानें नवा करार केला नाहीं. इंग्लंडच्या संघांत जागा मिळविण्याच्या वयांत, तेविसाव्या वर्षीं, तो दक्षिणेंत गिल्डफर्ड येथें एका स्नेह्याच्या धंद्यांत बूच विकूं लागला. त्या वर्षाच्या अखेरीपूर्वींच न्यूकॅसलनें हट्ट सोडला आणि त्याला ४७,५०० पौंडांस आर्सेनलकडे दिलें.

येथें ईस्टहॅमचें स्वतःचें काम झालें होतें. त्याला हवा तसा क्लब मिळाला होता. तो गप्प बसला असता तर कोणीं त्याला नांव ठेवलें नसतें. परंतु संघटनेनें विनंति केली आणि त्यानें दावा पुढें चालविला. १९६३ मध्यें तो उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति रिचर्ड विल्बरफोर्स यांच्यापुढें उभा राहिला. यांतहि एक योगायोग आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ज्यांनीं पार्लमेंटांत आयुष्य वेंचलें ते विल्यम विल्बरफोर्स हे या न्यायमूर्तींचे खापरपणजोबा. खेळाडूंच्या बाजूचे लोक त्या वेळीं गुलामगिरी हा शब्द सर्रास वापरीत असत. साखळदंडांत जखडलेल्या त्या दुर्दैवी जिवांशीं फुटबॉलपटूची तुलना करणें ही अर्थातच अतिशयोक्ति होय, आणि न्यायमूर्तींनीं निकाल दिला तो भावनेवर नव्हे.

४ जुलै १९६३ रोजीं दिलेल्या त्या निकालांत त्यांनीं मालकांचा प्रत्येक युक्तिवाद तपासला. समतोलाची गरज त्यांनीं उडवून लावली नाहीं. बदलीची रक्कम घेण्याची पद्धतहि सर्वस्वीं टाकाऊ ठरविली नाहीं. पण करार संपल्यावरहि माणसाला अडवून ठेवणें आणि तो दुसरीकडे जाऊं लागला तर किंमत मागणें, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे माणसाच्या आपला धंदा करण्याच्या स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन पडतें, आणि क्लबांच्या हितरक्षणासाठीं एवढ्या बंधनाची आवश्यकता नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. त्यांनीं हेंहि नमूद केलें, कीं ही सारी व्यवस्था मालकांनीं एकजुटीनें मालकांसाठीं रचलेली आहे. बुडालेल्या वेतनाबद्दलची ईस्टहॅमची मागणी मात्र मान्य झाली नाहीं. त्यानें खेळण्यास नकार दिला होता, म्हणून पगार देणें न देणें क्लबच्या मर्जीवर होतें. म्हणजे ज्याच्या नांवानें हा खटला कायद्याच्या पुस्तकांत राहिला त्याच्या पदरीं त्या महिन्यांचे पैसे पडले नाहींत. लाभ झाला तो मागून येणाऱ्यांचा.

त्यानंतर नियम बदलले. खेळाडूला ठेवावयाचा असेल तर क्लबनें निदान पूर्वीइतक्याच चांगल्या अटी दिल्या पाहिजेत, नाहीं तर तो मोकळा. आणि तंटा झाला तर तो त्रयस्थ लवादापुढें जावा. सबंध कडी निघण्यास आणखी काळ लागला. बेल्जममध्यें लीएज येथील क्लबचा करार १९९० मध्यें संपलेला जाँ-मार्क बोस्मान हा खेळाडू पांच वर्षें झगडला. १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपीय न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. युरोपीय संघांतील देशांचा नागरिक असलेल्या खेळाडूचा करार संपला, कीं त्या संघांतील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जातांना त्याच्यासाठीं किंमत मागतां येणार नाहीं, असा तो निकाल होता.

आतां मालकांनीं वर्तविलेल्या भविष्याचें काय झालें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तें अगदींच खोटें ठरलें नाहीं. १९६० सालीं बर्न्लीसारख्या लहानशा गिरणगांवच्या संघानें लीग जिंकली होती. त्यानंतर अशा गांवांना तो मान दुर्मिळ झाला, आणि २०१६ मध्यें लेस्टरचा संघ पहिला आला तेव्हां साऱ्या जगानें तोंडांत बोट घातलें. पैसा आणि खेळाडू मूठभर क्लबांकडे गोळा झाले, हें खरें आहे.

परंतु याचें सारें खापर खेळाडूंच्या स्वातंत्र्यावर फोडावयाचें असेल तर आणखी एका गोष्टीचा हिशेब द्यावा लागेल. लीगच्या सामन्यांत तिकिटांचा जो पैसा जमे त्यांतून यजमान क्लबनें पाहुण्या संघाला कांहीं वांटा द्यावा, अशी जुनी रीत होती. मोठ्या शहराच्या उत्पन्नांतून लहान गांवाला हातभार लावणारी, समतोलाला याहून सरळ मदत करणारी दुसरी तजवीज नव्हती. १९८३ मध्यें ती बंद झाली आणि यजमान क्लब सगळें उत्पन्न आपल्यापाशीं ठेवूं लागले. पुढें १९९२ मध्यें वरच्या श्रेणीचे क्लब लीगमधून फुटून निघाले आणि त्यांनीं प्रीमियर लीग काढली. दूरचित्रवाणीचा वाढता पैसा बहुतांशीं त्यांच्याकडेच राहिला. ज्या समतोलासाठीं खेळाडूंनीं सत्तर वर्षें आपल्या मोकळीकीची किंमत मोजली, त्याच समतोलासाठीं स्वतःच्या खिशांत हात घालण्याची पाळी आली तेव्हां क्लबांच्या मालकांना तो एकाएकीं इतका मौल्यवान वाटेनासा झाला.

म्हणून या भांडणाचें तात्पर्य मला असें वाटतें. एखाद्या संस्थेच्या, धंद्याच्या किंवा खेळाच्या भल्यासाठीं कोणी तरी झीज सोसली पाहिजे असें आपल्याला सांगण्यांत येतें, तेव्हां तें भलें खोटेंच असतें असें नाहीं. पुष्कळदां तें खरें असतें. पण तेवढ्यानें विचारणें थांबवूं नये. सांगणारा स्वतः त्यांतला किती वांटा उचलतो, हाहि प्रश्न विचारावा.

आतां आरंभींच्या उद्गाराकडे वळतों. खेळावयाचे पैसे मिळतात, मग यांना आणखी हवें तरी काय? आपल्या घरांतला एखादा कारकून किंवा शिक्षक नोकरीची मुदत संपल्यावर दुसरीकडे जातो, तेव्हां जुन्या कचेरीची परवानगी लागत नाहीं आणि त्याच्या डोक्याची किंमत ठरत नाहीं. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं तिला आपण हक्क म्हणतहि नाहीं. गिल्डफर्डला बूच विकणाऱ्या त्या तरुण खेळाडूला याहून अधिक कांहीं नको होतें. हंगाम संपावा, हिशेब पुरा व्हावा, आणि आपले बूट उचलून दारांतून बाहेर पडतां यावें, एवढेंच त्याचें मागणें होतें.